आढ्यावरचे देव : वेईच्या मातीच्या मूर्तींमागची गोष्ट

मे १९१६. पहिल्या महायुद्धात उतरून इटलीला वर्ष होत आले होते. अशा दिवसांत रोमपासून उत्तरेला सुमारे १६ किलोमीटरवर, रोमनांच्या आधी मध्य इटलीत नांदलेल्या एट्रुस्कन लोकांच्या वेई या जुन्या शहराच्या वेशीबाहेर, पोर्तोनाच्चो नावाच्या जागी जूलिओ क्विरीनो जिल्योली या पुरातत्त्वज्ञाचे उत्खनन चालले होते. तिथे जमिनीतून पुरुषभर उंचीचा एक देव बाहेर आला. खांद्यावर रुळणाऱ्या बटा, ओठांवर हसू, अंगाला घट्ट लपेटलेल्या वस्त्राच्या चुण्या आणि झपाझप पुढे पडणारे पाऊल. हात तुटलेले. हा अपोलो, ग्रीकांचाही देव, संपूर्ण भाजक्या मातीचा आहे.

तो गाभाऱ्यातला देव नव्हता, हे आधी सांगायला हवे. त्याची जागा देवळाच्या छपरावर, अगदी आढ्यावर होती.

वेईचे पठार जिथे संपते तिथे खडक तासून केलेल्या सपाटीवर हे देवस्थान होते. मुख्य देवता मेनेर्वा, म्हणजे रोमनांची मिनर्व्हा. इ.स.पू. सहाव्या शतकात इथे दूरदूरचे लोक वस्तू वाहायला येत. त्यांतल्या काळ्या तुकतुकीत मातीच्या एका भांड्याच्या तुकड्यावर ‘आविले विपिएन्नास’ असे नाव कोरलेले आहे. रोमच्या जुन्या कथांमधला एट्रुस्कन वीर ऑलस विबेन्ना याचेच हे एट्रुस्कन नाव. तो हाच होता की त्याच नावाचा दुसरा कुणी, हा वाद सोडला तरी ज्या नावाला दंतकथा म्हणत होते ते नाव त्या काळच्या माणसाच्या हातचे मिळाले, हे थोडे नाही. इ.स.पू. ५१०च्या सुमारास याच सपाटीवर चौरस देऊळ उभे राहिले, बाजूला मोठे कुंड.

देऊळ दगडी का नाही? वेईच्या आसपासचा खडक ज्वालामुखीच्या राखेचा, मऊ आणि सच्छिद्र. पायाला तो चालतो, बारीक कोरीवकामाला नाही. इटलीतल्याच कॅराराच्या संगमरवराच्या खाणी जोमाने चालू झाल्या त्या पुढे, रोमन काळात. त्यामुळे एट्रुस्कन देवळाचा पाया दगडाचा, पण वरचे छप्पर लाकडाचे. तुळया लाकडी असल्या की खांब लांब लांब उभे करता येतात, वळचण भिंतीच्या पुष्कळ बाहेर काढता येते. पण लाकूड पावसाने कुजते. म्हणून तुळयांच्या दर्शनी बाजूंवर भाजक्या मातीच्या फरशा खिळ्यांनी ठोकत. भाजलेल्या मातीत खिळा ठोकला तर ती तडकणारच, म्हणून भोके माती ओली असतानाच पाडून ठेवत. फुटक्या फरशांवर ती गोल भोके आजही दिसतात. मला या सगळ्या वैभवापेक्षा ती भोके अधिक जवळची वाटतात. कारागिराचे डोके त्यांत दिसते.

तीच गोष्ट वळचणीची. पन्हळी कौलांच्या ओळी जिथे संपतात तिथे कौलाचे तोंड उघडे राहते, आत पाणी आणि पाखरे शिरतात. ते बुजवायला मातीचे मुखवटे बसवत: जीभ बाहेर काढलेली गॉर्गन ही सापकेशी राक्षसी, बैलाच्या शिंगांचा नदीदेव आकेलोओस, मद्याचा देव डायोनिसस याच्या नाचणाऱ्या भक्त स्त्रिया. एका साच्यातून असे कितीतरी काढता येत. मग ते लाल, काळ्या, पांढऱ्या रंगात रंगवत. कौलारू छपराची गरज आणि देवळाची शोभा अशी एकाच मातीतून घडत गेली. जगात इतरत्रही कौले होती, पण छपराच्या या गरजेला एट्रुस्कनांनी जेवढे मोठे केले तेवढे क्वचितच कुणी केले असेल.

आणि सगळ्यांत वर आढे. वेईच्या आढ्यावर, जमिनीपासून सुमारे १२ मीटर उंचीवर, पुरुषभर उंचीचे देव ओळीने उभे होते. पकडलेली हरिणी पायांशी घेऊन उभा ग्रीक वीर हेराक्लीस, समोरून ती परत मागायला आलेला अपोलो, सोबत देवांचा दूत हर्मीस. शिवाय कडेवर मूल घेतलेली एक स्त्री. हर्मीसचे डोके हाती लागले आहे. या मूर्ती खालून आणि बाजूने पाहायच्या, म्हणून शिल्पकाराने त्यांच्या अंगाची मापे मुद्दाम थोडी वाकडी धरली. आज रोमच्या व्हिला जूलिया संग्रहालयात अपोलो आपल्या डोळ्यांसमोर उभा असतो आणि एका बाजूने थोडा विचित्र वाटतो, त्याचे कारण हे. त्याच्या दोन पायांच्या मध्ये एक नक्षीदार टेकू आहे. तो नसता तर एवढा भार भाजण्याआधी ओल्या पायांवर टिकलाच नसता.

एवढी मूर्ती भाजणे हे खरे कसब. ती आतून पोकळ ठेवावी लागते, वाफ निघायला वाटा ठेवाव्या लागतात, मातीत कणीदार भर घालावी लागते. आणि माती वाळताना, भाजताना आकसते, हे कुठल्याही कुंभाराला माहीत असते. म्हणूनच प्लुटार्क या ग्रीक चरित्रकाराने सांगितलेली कथा कुंभारांच्या आळीतून आली असावी असे मला वाटते. रोमच्या कॅपिटोल टेकडीवरच्या ज्युपिटरच्या देवळासाठी चार घोड्यांचा मातीचा रथ हवा होता. काम वेईच्या कारागिरांकडे होते. भट्टीत घातलेला रथ आकसण्याऐवजी फुगत गेला, इतका की भट्टी वरून फोडून तो बाहेर काढावा लागला. ज्याच्याकडे हा रथ त्याच्याकडे सत्ता, असे ज्योतिष्यांनी सांगताच वेईकरांनी तो द्यायला नकार दिला. पुढे वेईतल्याच शर्यतीत जिंकलेल्या रथाचे घोडे उधळले, सारथ्याला घेऊन थेट रोमपर्यंत धावले आणि तिथल्या वेशीशी त्याला फेकून दिले. मग मात्र वेईकरांनी घाबरून मातीचा रथ देऊन टाकला.

कॅपिटोलच्या या देवळातली ज्युपिटरची मूर्तीही मातीचीच होती, आणि तिचा शिल्पकार वेईचा वुल्का, असे रोमन लेखक प्लिनी त्याच्या आधीचा पंडित व्हॅरो याच्या आधाराने लिहितो. मूर्तीला शेंदरी-लाल रंग फासत. एट्रुस्कन शिल्पकारांपैकी नावानिशी माहीत असलेला हा जवळजवळ एकटाच. अपोलो वुल्काचाच, असे म्हणण्याचा मोह अनेकांना झाला. पण प्लिनी वुल्काला रोमचा राजा थोरला टार्क्विन याच्या काळात बसवतो, म्हणजे अपोलोच्या दोन पिढ्या आधी. वुल्काच्या घराण्यात किंवा कार्यशाळेत शिकलेला कुणी हा अपोलो घडवणारा असेल, एवढेच म्हणावे.

रोमला ज्युपिटर वेईने घडवून दिला आणि इ.स.पू. ३९६ मध्ये रोमने वेई जिंकले. रोमन इतिहासकार लिव्ही सांगतो की रोमन तरुणांनी वेईच्या जूनो देवीच्या मूर्तीला विचारले, “रोमला येतेस का?” आणि मूर्तीने मान हलवली. तिला रोमच्या आव्हेंटाइन टेकडीवर नेले. पोर्तोनाच्चोच्या आढ्यावरचे देव मात्र कुणी नेले नाहीत. देऊळ मोडले, आणि त्यांचे तुकडे शेजारच्याच जमिनीत राहिले.

रोममध्ये मातीच्या देवांची किंमत पुढे कमी झाली. इ.स.पू. १९५ मध्ये रोमचा राजकारणी कॅटो याने तक्रार केली की ग्रीक शोभेच्या वस्तू आल्यापासून लोक आपल्या देवांच्या मातीच्या मुखवट्यांना हसू लागले आहेत. प्लिनीच्या वेळेपर्यंत तर देवळे सोन्याने मढली होती. तरीही असे मातीचे देव कित्येक ठिकाणी अजून उभे आहेत, असे तो लिहितो, आणि त्यांना सोन्याहून पवित्र, निदान अधिक निष्पाप म्हणतो. त्याने ते लिहिले तेव्हा वेईचा अपोलो जमिनीखाली होता.