मणक्यातला फिस्टुला की एव्हीएम? नावं जवळची, जोखमीचा हिशेब उलटा

काकांचा एमआरआय रिपोर्ट फॅमिली ग्रुपवर आला, त्यात 'फिस्टुला' शब्द दिसल्याबरोबर आत्याने भगंदराचं क्षारसूत्र करणाऱ्या वैद्यांचा नंबर टाकला, चुलतभावाला डायलिसिसवाल्यांच्या हातात करतात तो फिस्टुला आठवला, आणि सगळ्यात मोठा घोळ मी घातला, कारण मी गुगल करून मणक्याच्या एव्हीएमबद्दल (मज्जारज्जूतल्या रक्तवाहिन्यांचा गुंता) वाचत बसले आणि रात्रभर झोपले नाही. काकांना होता ड्युरल फिस्टुला. दोन्हीत धमनी थेट शिरेला जोडली जाते, त्यामुळे दोन्ही एकाच यादीत येतात आणि लोक (मीसुद्धा) एकाची भीती दुसऱ्याला लावतात.

फिस्टुला मज्जारज्जूच्या आत नसतोच. रज्जूभोवती जे जाड आवरण असतं, ड्युरा, त्यात नस (नर्व्ह) बाहेर पडते त्या जागी एक बारीकशी धमनी शिरेला चिकटते. सोसायटीत वरच्या टाकीचा पाइप कुणी थेट ड्रेनेजला जोडला तर पहिल्या मजल्यावरच्या मोरीतून पाणी उलटं वर येईल ना, तसं होतं. रक्त फुटून बाहेर येत नाही, तुंबतं. रज्जू हळूहळू सुजतो, आधी पायात मुंग्या, मग चालताना पाय जड, मग लघवीची बोंब. बहुतेक पेशंट पन्नाशीपुढचे पुरुष, आणि वर्षाला दहा लाखांत पाच-दहा. म्हणजे दुर्मीळच, तरी मणक्याच्या रक्तवाहिन्यांच्या या प्रकारच्या आजारांत सगळ्यात जास्त आढळणारा हाच.

एव्हीएम म्हणजे रज्जूच्या आतच बसलेला रक्तवाहिन्यांचा गुंता. बहुतेकदा जन्मापासूनचा समजतात, त्रास तरुणपणी सुरू होतो आणि भीती असते ती फुटण्याची, एकदम पाठीत कळ आणि पाय गेले. त्यात पंचाईत अशी की गुंत्याला रक्त पुरवणारी धमनी बऱ्याचदा तीच असते जी चांगल्या रज्जूलाही पोसते.

हिशेब इथे फिरतो. फिस्टुलात थांबणं धोक्याचं. १९७४ साली लंडनमधल्या ॲमिनॉफ आणि लोग यांनी मणक्यातल्या अशा विकृतींचे उपचार न झालेले पेशंट तपासले, तर पायांचा त्रास सुरू झाल्यापासून तीन वर्षांत जवळपास निम्मे गंभीर अपंग झाले होते. आणि ही वर्षं निदानाशिवाय जातात कशी तर 'मणक्यात गॅप आहे' या एका वाक्यात. काकांना पट्टा दिला, मग कमरेत इंजेक्शन दिलं, आणि त्यानंतर दोन दिवसांत जिना चढणं बंद झालं. त्यापुढे कुणीतरी मायलायटिस (रज्जूचा दाह) म्हणून स्टिरॉइडची सलाइन सुचवली होती, ती सुदैवाने राहिली, कारण फिस्टुलात स्टिरॉइडने माणूस अचानक बिघडल्याच्या केसेस बऱ्याच आहेत.

एमआरआयवर रज्जूच्या मागे काळे गांडुळासारखे ठिपके दिसले तर संशय घ्यायचा, पण नेमकी जागा कळते ती डीएसए अँजिओग्राफीत, म्हणजे धमन्यांत डाय सोडून एक्स-रेवर बघतात त्या तपासणीत. घरच्यांचा खरा विरोध यालाच होता, 'त्यातच पाय गेले तर?' जांघेतून कॅथेटर, मग छातीपासून कमरेपर्यंत डावी-उजवी करत एकेक धमनी शोधायची, दर वेळी डाय गेला की पाठीत गरम वाटतं आणि आतल्या खोलीतून आवाज येतो, 'श्वास रोखा, हलू नका'. काकांचे अडीच तास गेले. डायचा किडनीवर भार (शुगरवाल्यांनी हे आधीच बोलावं), जांघेत रक्त साकळणं, रेडिएशन, हे खरे त्रास. रज्जूला कायमचं नुकसान होणं मात्र अनुभवी हातात आता फार क्वचित. आधी चांगला एमआरए (एमआरआय मशीनवरच रक्तवाहिन्यांचं चित्र) केला तर साधारण लेव्हल कळते आणि डायची कितीतरी इंजेक्शनं वाचतात.

उपचारात दोन वाटा. सर्जरीत हाडाचा छोटा तुकडा काढून ती एक शीर बंद करतात. पूर्वी रज्जूवरच्या फुगलेल्या शिरा लांबलचक सोलून काढायचे, १९७७ मध्ये केंडल आणि लोग यांनी दाखवलं की जोड ड्युरात आहे, मग ते सोलणं थांबलं. दुसरी वाट कॅथेटरमधून ग्लू, चिरफाड नाही, पण ग्लू धमनी ओलांडून शिरेच्या तोंडापर्यंत पोचला पाहिजे, अलीकडेच थबकला तर फिस्टुला पुन्हा उघडतो. पहिल्या खेपेला बंद होण्याचं प्रमाण सर्जरीत नव्वदच्या बरंच वर, ग्लूत सत्तरच्या आसपास.

एव्हीएममध्ये असं 'एकदा बंद, विषय संपला' म्हणता येत नाही. फुटण्याचा धोका वर्षाला साधारण चार टक्के, एकदा फुटलं असेल तर त्याहून जास्त. पण पूर्ण गुंता काढायला गेलं तर चालता-फिरता तिशीतला माणूस ऑपरेशननेच खुर्चीत बसू शकतो, म्हणून बरेच डॉक्टर गुंत्यातला फक्त कमकुवत फुगा बंद करतात आणि बाकीचं मुद्दाम ठेवतात. मी त्या रात्री वाचलं होतं ते हे, आणि काकांना 'घाई नको' म्हणाले होते. नेमका उलटा सल्ला.

आमचा निर्णय शेवटी एका धमनीने केला, ॲडमकीविझ. रज्जूच्या खालच्या भागाला पोसणारी मुख्य धमनी, बहुतेकांत डावीकडून निघते. डॉक्टरांनी पावतीच्या मागे पेनने काढून दाखवलं, काकांचा फिस्टुला आणि ती एकाच फांदीवर. त्या फांदीत ग्लू सोडला आणि चुकून तिकडे वळला तर दोन्ही पाय गेले, म्हणून सर्जरी. आता काका काठीशिवाय दुधाला जातात, लघवीचं मात्र अजून घड्याळ लावून चालतं, डॉक्टर म्हणालेच होते की पाय आधी सुधारतात आणि ते शेवटी, सुधारलं तर. आत्या अजून विचारते, भगंदर बरं झालं का.