बाँडवर घेतलेला प्लॉट आपला होतो का?

‘शंभराच्या बाँडवर (स्टॅम्प पेपरवर) लिहून नोटरी केली की प्लॉट आपला’, हा समज बेळगाव, खानापूर, निपाणी भागात जुना आहे. नोटरीच्या शिक्क्याने मालकी मिळत नाही. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे 100 रुपये किंवा जास्त किमतीच्या जागेची विक्री नोंदणीकृत खरेदीखतानेच होते. बाँड केला तरी उतारा मूळ मालकाच्याच नावावर राहतो. उद्या तो किंवा त्याचे वारस तीच जागा दुसऱ्याला रीतसर विकू शकतात. कष्टाचे पैसे मात्र कोर्टात अडकतात.

म्हणून इसार देण्याआधी कर्नाटक सरकारच्या ‘भूमी’ या जमीन नोंदींच्या संकेतस्थळावर सर्व्हे नंबर घालून उतारा पाहा. मग 30 वर्षांचा बोजा दाखला काढा; 2004 पासूनचा ‘कावेरी’ या नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावर, त्याआधीचा उपनिबंधक कार्यालयात मिळतो. नोंदवलेली विक्री, गहाण त्यात दिसतात. कागद कन्नडमध्ये असतात, जाणकाराकडून ओळ न् ओळ वाचून घ्या. शेतात पाडलेले प्लॉट असतील तर एन.ए. (बिगरशेती) आदेश आणि मंजूर लेआउट (प्लॉटचा नकाशा) मागाच.