मोबाइलवरचा बीपी-सराव: कुठे जमतो, कुठे फसतो

बीपी मोजण्याचा डेमो चालू असताना पलंगाभोवती नर्सिंगच्या पंचवीस-तीस विद्यार्थिनी दाटीवाटीनं उभ्या असतात. कफ, म्हणजे हवा भरायचा पट्टा, दंडाला कसा गुंडाळला हे पहिल्या रांगेला दिसतं, मागच्या रांगेला ट्यूटरची पाठ दिसते. आणि ज्यासाठी हा सगळा खटाटोप, तो धमनीचा आवाज ऐकू येतो फक्त स्टेथोस्कोप लावलेल्या एका माणसाला. जर्नलमध्ये मात्र सगळ्यांच्या पेशंटचं बीपी १२०/८०.

सोलापुरातल्या नर्सिंग कॉलेजांत अक्कलकोट, मंगळवेढा, करमाळ्याकडून आलेल्या मुलामुलींच्या हातातही आता मोबाइल असतो. तरी डिजिटल शिक्षणाची मजल बहुतेकदा ‘व्हिडिओ ग्रुपवर टाकलाय, बघून या’ इथपर्यंतच जाते. बघणं हा सराव नव्हे. शिकागो विद्यापीठातल्या कार्डास आणि ओब्रायन या संशोधकांनी २०१८ मध्ये हे प्रयोगांतून दाखवलं. टेबलावरची भांडी न हलवता खालचं कापड झटक्यात ओढायचा व्हिडिओ काहींना एकदा, तर काहींना वीस वेळा दाखवला. वीस वेळा पाहणाऱ्यांना ‘हे मला जमेल’ याची खात्री जास्त वाटू लागली. नेम धरून डार्ट फेकण्यासारखी कामं प्रत्यक्ष करायला लावली, तेव्हा पुन्हा पुन्हा पाहणाऱ्यांची कामगिरी काही वाढलेली दिसली नाही. प्रॅक्टिकलच्या आदल्या रात्री व्हिडिओ चारदा पाहून येणाऱ्या विद्यार्थ्याचं नेमकं हेच होतं.

बीपी मोजण्यात हाताचं काम आहे, कानाचं आहे आणि निर्णयाचंही आहे. कफ घट्ट बांधणं, बल्ब दाबणं, व्हॉल्व्ह हळूहळू सोडणं हे हाताचं काम पडदा शिकवू शकत नाही. तसा दावा करणारं ॲप विकत घेऊ नये. कान आणि निर्णय या दोन गोष्टी मात्र मोबाइल डेमोपेक्षाही चांगल्या शिकवू शकतो.

आधी कानाचं पाहू. रशियन डॉक्टर निकोलाय कोरोटकोव्ह यांनी १९०५ मध्ये सांगितलेली पद्धत आजही तीच आहे. कफचा दाब उतरताना पहिला ठोका ऐकू येतो ते वरचं बीपी, आवाज पूर्ण थांबतो ते खालचं. मोबाइलवरचं सरावाचं पान असं बनवायचं: पडद्यावर डायल, काटा २०० वरून सेकंदाला २ ते ३ मिमी (पाऱ्याचे मिलिमीटर, बीपीचं माप) या वेगानं खाली येतोय, कानात ठोके. पहिला ठोका ऐकला की बोट टेकवायचं, आवाज थांबला की पुन्हा टेकवायचं. लगेच खरा आकडा दाखवायचा आणि किती चुकलं तेही. दोन्ही आकडे खऱ्याच्या ४ मिमीच्या आत आले तर बरोबर धरायला हरकत नाही.

वेग २-३ मिमीच का, हे पुस्तकात लिहिलेलं असतं, पण ते पटतं या पानावर. नाडी ७२ असेल तर दोन ठोक्यांत साधारण ०.८ सेकंदाचं अंतर असतं. सेकंदाला ३ मिमीनं दाब सोडला तर दोन ठोक्यांमध्ये काटा अडीच मिमी उतरतो. घाईनं १० मिमीनं सोडला तर ८ मिमीहून जास्त. नाडी ५० असली तर हीच चूक १२ मिमीवर जाते, म्हणजे पहिला ठोका ऐकू येईपर्यंत वरचं बीपी हातचं निसटलेलं असतं. पानावर वेग वाढवायचं बटण द्या आणि विद्यार्थ्याला स्वतःचीच चूक वाढताना पाहू द्या.

यात सगळ्यात जास्त फसगत आवाजातच होते. हे ठोके अतिशय खालच्या स्वराचे, बहुतांश २०० हर्ट्झच्या आतले असतात. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरमधून तेवढे खालचे स्वर जवळजवळ बाहेर येतच नाहीत. मग बनवणारा आवाज वाढवतो, ठोका ‘टक टक’ असा खणखणीत करतो आणि मुलं वॉर्डात जाऊन तोच खणखणीत आवाज शोधत बसतात. इअरफोन सक्तीचा ठेवा, तोही वायरचा. ब्लूटूथमध्ये आवाज किंचित उशिरा पोचतो आणि काट्याची थरथर आणि ठोका यांचा मेळ बसत नाही. पहिल्या टप्प्यात शांत आवाज द्या. दुसऱ्यात मागे ओपीडीचा गलका, पंख्याची घरघर, शेजारच्या पेशंटचं बोलणं मिसळा. जन्मभर यंत्रमागाच्या खडखडाटात काम केलेला माणूस मोठ्यानंच बोलतो, आणि त्याच्या शेजारच्या पलंगावर बीपी मोजायचं असतं.

तिसरा टप्पा ‘मुक्या पट्ट्या’चा. काही रुग्णांत, विशेषतः बीपी खूप चढलेलं असताना, आवाज मध्येच नाहीसा होऊन पुन्हा सुरू होतो. समजा पहिला ठोका १९० ला आहे आणि १७० ते १५० शांतता. ज्यानं कफ १६० पर्यंतच फुगवला, तो वरचं बीपी १५० लिहिणार. म्हणून आधी मनगटाची नाडी धरून कफ फुगवायचा, नाडी लागेनाशी होते तो आकडा लक्षात ठेवायचा आणि मोजताना त्याच्या ३० मिमी वर न्यायचं. ही नाडीची पायरी चुकवणाऱ्याला सराव-पानानं गप्प १५० देऊन पुढे जाऊ द्यावं आणि शेवटी रुग्णाचं खरं बीपी दाखवावं.

आकडे दर वेळी बदलते हवेत. ते एकच ठेवले तर उत्तरं दहा मिनिटांत व्हॉट्सॲपवर फिरतात.

निर्णयासाठी फाटे फुटणारा प्रसंग लागतो, म्हणजे विद्यार्थ्याच्या निवडीप्रमाणे पुढचा पडदा बदलणारा. एक नमुना: सोलापूरच्या पूर्व भागातली विडी वळणारी बाई ओपीडीत आली आहे. उन्हातून चालत आली, दारात चहा घेतला, तोंडात तंबाखू. ‘लगेच बीपी घ्या’ आणि ‘थांबा’ असे दोन फाटे. थांबायचं तर किती? चालून आल्यावर पाच मिनिटं शांत बसणं, पण चहा-तंबाखूनंतर अर्धा तास. मग दंड: ब्लाउजची घट्ट बाही वर सरकवली तर तिचाच आवळपट्टा होतो, बाहीवरून कफ बांधणंही चूक. मग कफ: दंडाचा घेर २४ सेंमी. आतल्या रबरी पिशवीची लांबी घेराच्या ८० टक्के आणि रुंदी ४० टक्के हवी, म्हणून २२ ते २६ सेंमी घेरासाठीचा लहान कफ. मोठा बांधला तर बीपी खरं असेल त्यापेक्षा कमी येतं, जाड दंडाला लहान बांधला तर जास्त. हात मांडीवर टेकवून हृदयाच्या १० सेंमी खाली ठेवला तर आकडा ७-८ मिमीनं वाढतो. डायलिसिसच्या पेशंटच्या फिस्टुलाच्या (डायलिसिससाठी धमनी-शीर जोडलेल्या) हाताला कफ बांधायचाच नाही. ते उत्तर चुकलं तर तो प्रसंग तिथेच थांबवावा.

बोललं की बीपी चढतं, म्हणून मोजताना ‘बोलू नका’ सांगावं लागतं. सोलापुरात ते तेलुगूत ‘माट्लाडकंडि’ आणि कन्नडमध्ये ‘मातनाडबेडि’ असंही सांगता आलं पाहिजे. प्रसंगात या दोन्ही भाषांचे आवाज भरायला खर्च काही नाही, वर्गातच बोलणारे सापडतात.

सलाईनच्या थेंबांसाठी हीच रीत थोडक्यात चालते. ५०० मिली, चार तास, मिलीला २० थेंबांचा सेट: ५०० गुणिले २० भागिले २४० मिनिटं, म्हणजे मिनिटाला ४२ थेंब, पंधरा सेकंदांत दहा-अकरा. बारीक थेंबांच्या मायक्रो सेटचे मिलीला ६० थेंब इथे घातले तर उत्तर १२५ येतं आणि चार तासांची बाटली एक तास वीस मिनिटांत रिकामी होते. पडद्यावर रोलर क्लॅम्प सरकवून थेंब मोजायला लावा, आणि चुकल्यास बाटली खरंच तेवढ्या लवकर आटताना दाखवा.

हे बनवायला मोठी कंपनी लागत नाही. नॉर्वेत सुरू झालेल्या एचफाइव्हपी या मोफत, मुक्त साधनात मध्येच थांबून प्रश्न विचारणारा व्हिडिओ आणि फाटे फुटणारा प्रसंग हे दोन्ही तयार साचे आहेत. बोट टेकवायची डायल त्यात नाही. त्यासाठी एचटीएमएलचं छोटं पान लिहून घ्यावं लागतं. ते होईपर्यंत डायलचा व्हिडिओ दाखवून दोन आकडे भरायला लावले तरी काम भागतं. फक्त दोन सापळे सांभाळा. या साधनात तिरकी रेघ म्हणजे ‘हे किंवा ते’, त्यामुळे उत्तर १२४/८२ असं एकाच चौकटीत ठेवलं तर नुसतं १२४ लिहिणाराही पास होतो. वरच्या आणि खालच्या बीपीला वेगळ्या चौकटी द्या. दुसरा सापळा मराठी कीबोर्डचा: उत्तर इंग्रजी अंकांत साठवलं आणि विद्यार्थ्यानं देवनागरीत टाइप केलं तर बरोबर आकडाही चूक ठरतो. दोन्ही लिप्यांतले अंक पर्यायात घालावेत.

चित्रीकरण समोरून करू नका. समोरून घेतलं की डावं-उजवं उलटं होतं आणि मुलं तसंच उलटं शिकतात. कॅमेरा नर्सच्या खांद्यावरून, हातांवर रोखलेला हवा. एक व्हिडिओ चार मिनिटांपेक्षा लांबवू नये. सेकंदाला एक मेगाबिट दरानं साठवला तर तो साधारण ३० एमबीचा होतो. लुमी या मोफत प्रोग्रामनं सगळा धडा एकाच एचटीएमएल फाइलमध्ये काढता येतो, म्हणजे गावाकडे रेंज नसली तरी अडत नाही. मात्र तसं केलं की कोणी काय उत्तर दिलं याची नोंद कॉलेजकडे आपोआप येत नाही. ती हवी असेल तर धडा मूडल या ऑनलाइन वर्गाच्या प्रणालीवर चढवावा. वॉर्डातल्या खऱ्या पेशंटचं चित्रीकरण करायचं नाही, केसपेपरचा फोटोही नाही.

पडद्यावरचा सराव आणि स्किल लॅबमधला हाताचा सराव यांत फार दिवस जाऊ देऊ नयेत. त्याच दिवशी जमलं तर उत्तम. लॅबमध्ये मॅनिक्विनचा (सरावाच्या पुतळ्याचा) दंड कमी पडला तर विद्यार्थ्यांनी एकमेकांचं मोजावं, दोन कानजोड्यांचा शिकवणीचा स्टेथोस्कोप असला तर ट्यूटरनं सोबत ऐकावं. इथे व्हॉल्व्हवरचा अंगठा पाहायचा असतो, बाकी प्रश्न आधीच मिटलेले असतात.

शिवाय ट्यूटरनं नोंदी वाचाव्यात. डायलवर खुणा २-२ मिमीच्या असतात, त्यामुळे १२५ किंवा ८३ लिहिणारा अंदाजानं लिहितोय. शेवटचा आकडा शून्य असलेली उत्तरं पाचांत एकाच्या आसपास यायला हवीत. बॅचमधली निम्मी उत्तरं शून्यावर संपत असतील तर मुलं काटा वाचत नाहीत, गोल करतात. आणि बहुतेकांचं वरचं बीपी खरं असेल त्यापेक्षा कमीच येत असेल, तर मुलांना बोल लावण्याआधी तो धडा एकदा स्वस्तातला इअरफोन लावून स्वतः ऐकावा.