खाजण

गोव्यात भरतीच्या पाण्यापासून बांध घालून राखलेली, समुद्रसपाटीलगतची किंवा तिच्याहून खोल शेतजमीन. ‘खाजन’ असेही लिहितात. मांडवी, झुआरी व त्यांच्या फाट्यांकाठी असे सुमारे 18,000 हेक्टर क्षेत्र मानले जाते. केंद्राच्या 2011 च्या किनारी नियमन क्षेत्र अधिसूचनेत गोव्यासाठी खास तरतूद करून खाजणांना संरक्षण दिले आहे.

उगमाबद्दल एकमत नाही. तीन-साडेतीन हजार वर्षांचा दावा वारंवार केला जातो. तो मुख्यतः समुद्र मागे हटल्याच्या अनुमानावर उभा आहे. लेखी पुरावा त्यामानाने अलीकडचा. बांदोडे येथील, अनिर्जितवर्मा या राजाच्या ताम्रपटात ‘खज्जण’ जमिनीचे दान आणि खारे पाणी अडवून ती लागवडीस आणण्याचा उल्लेख येतो. अक्षरवळणावरून तो साधारण इ. स. पाचव्या-सहाव्या शतकातला धरतात. तेव्हा ही विद्या रुळलेली होती, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते; त्यामागचा काळ मोकळा ठेवणे बरे. खाजणे सांभाळणारी गावकरी, म्हणजे गावच्या सामायिक जमिनीचा कारभार पाहणारी ग्रामसंस्था, पोर्तुगीजांनी 1526 च्या फोरालात (हक्क व रिवाजांच्या सनदेत) नोंदवली.

बांधाचा गाभा खाडीतल्या चिकणमातीचा, मध्ये भाताचा पेंढा व फांद्या, नदीकडच्या अंगाला जांभ्या दगडाची चिरेबंदी. बाहेर कांदळवन राखतात, त्याने लाटेचा मारा मोडतो. पण रोप बांधातच रुजले तर मुळे कुजून आत पोकळ्या पडतात. सगळ्यांत नाजूक भाग म्हणजे मानस, अर्थात पाण्याचे दार. त्याच्या लाकडी फळ्या वरून टांगलेल्या असतात. भरतीचे पाणी दाबते तेव्हा त्या चौकटीवर घट्ट बसतात, ओहोटीला आतले पाणी त्या ढकलून निघून जाते. फळी व चौकट यांत काडी जरी अडकली, तरी खारे पाणी आत येत राहते. मानशीमागे पोंय, म्हणजे साठवणीचे तळे. मासेमारीचा हक्क लिलावाने देतात. मासळीसाठी दार अवेळी उघडे ठेवले की शेतात मीठ चढते, हा जुना तंटा आहे.

पहिल्या पावसाने मीठ धुऊन गेल्यावर कोरगुट, आसगो यांसारखी क्षार सोसणारी भाते पेरतात. बांध बहुधा खेकड्यांच्या बिळांपासून फुटतो. बार्जच्या (नदीतून माल वाहणाऱ्या सपाट बोटींच्या) लाटांनीही पायथा खचतो. खिंडार लगेच बुजवले नाही तर रोजच्या दोन भरत्या ते रुंदावतात आणि काही वर्षांत आत कांदळवन माजते.

रायगड जिल्ह्यात अशा बंदिस्त जमिनीला खार आणि दाराला उघाडी म्हणतात.