मॉर्गन ल फे

मॉर्गन ल फे : ब्रिटनच्या आर्थर राजाच्या दंतकथांतील मायाविनी. मध्ययुगीन कथांत ती आर्थरची सावत्र बहीण आणि पुढेपुढे त्याची वैरीण. विसाव्या शतकात अमेरिकी कॉमिक्सनी तिला थेट आजच्या जगात आणले आणि शतकानुशतके टिकून राहिलेली खलनायिका हे तिचे रूप रूढ झाले. ‘फे’ म्हणजे परी.

तिची सुरुवात मात्र वैदू म्हणून झाली, आणि हे विसरले की तिची पुढची कथा नीट उलगडत नाही. जेफ्री ऑफ मॉन्मथच्या ‘व्हिटा मर्लिनी’ या लॅटिन काव्यात (सु. ११५०) सफरचंदांच्या बेटावर नऊ बहिणी राहतात. मॉर्गन त्यांच्यात थोरली जाणकार. तिला वनौषधी कळतात, रूप पालटता येते, उडता येते. घायाळ आर्थरला तिच्याकडे आणतात. ती त्याला सोन्याच्या पलंगावर निजवते, स्वतःच्या हाताने जखम उघडते, बराच वेळ पाहते आणि सांगते, ‘हा माझ्याकडे पुष्कळ दिवस राहिला तर बरा होईल.’

तेराव्या शतकातल्या फ्रेंच गद्यकथांनी ही वैदू बिघडवली. प्रेमात दुखावलेली मॉर्गन बेइमान प्रियकरांना ‘परत न येण्याच्या दरीत’ कोंडून ठेवते, असे त्यांत येते. फ्रान्समधील ब्रिटनी प्रांतात पँपोंच्या जंगलात आजही एक दरी याच नावाने दाखवतात. टॉमस मॅलरीच्या इंग्रजी ग्रंथात (मुद्रण १४८५) वैर टोकाला जाते. आर्थरच्या एक्सकॅलिबर तलवारीपेक्षा तिचे म्यान मोलाचे, कारण ते जवळ असेपर्यंत कितीही घाव लागले तरी रक्त वाहत नाही. आर्थर तलवार मुठीत धरून झोपलेला असतो, म्हणून मॉर्गन नुसते म्यान उचलते आणि पाठलाग सुरू होताच तळ्यात फेकून देते. मग समेटाची भेट म्हणून रत्नजडित झगा पाठवते. सावध झालेला आर्थर तो आधी आणणाऱ्या मुलीलाच घालायला लावतो आणि ती तिथल्या तिथे जळून कोळसा होते. या मुलीचा दोष काय, हे मॅलरी विचारत नाही. फ्रेडरिक सँडिसने १८६४ साली रंगवलेली, हातात दिवा घेऊन विणकामाच्या मागासमोर उभी असलेली मॉर्गन हाच झगा मंतरते आहे.

तरीही शेवटच्या लढाईनंतर आर्थरला नेणाऱ्या नावेत मॉर्गन आहेच. ‘इतका उशीर का केलास?’ अशा अर्थाचे शब्द त्या नावेतल्या एका राणीच्या तोंडी आहेत. ती नाव ॲव्हलॉन बेटाकडे जाते. मॉर्गनचा मृत्यू मॅलरी सांगत नाही. ही उघडी राहिलेली जागाच आधुनिक लेखकांच्या उपयोगी पडली असे दिसते.

मार्व्हलच्या कॉमिक्समध्ये ती १९५५ साली ‘ब्लॅक नाइट’मधून आली. पुढे तेथे अशी मांडणी झाली की आर्थरच्या दरबारातील जादूगार मर्लिनने तिला मंत्राने गढीत डांबले आहे. देह सहाव्या शतकात अडकलेला, पण सूक्ष्मरूपाने ती आपल्या काळात येते. डीसी या दुसऱ्या कॉमिक्स कंपनीच्या ‘द डीमन’मध्ये (१९७२) जॅक कर्बीने वेगळी वाट घेतली. त्याची मॉर्गेन जगली आहे, पण सुरकुतली आहे; गेलेले तारुण्य परत मिळावे म्हणून ती मर्लिनच्या थडग्याच्या शोधात आहे. दोन्हींत ही दुसरी कल्पना सरस वाटते, कारण तिथे जगून राहण्याची किंमत चेहऱ्यावर दिसते. ‘डॉक्टर स्ट्रेंज’ या १९७८ च्या दूरचित्रवाणी चित्रपटात जेसिका वॉल्टरने, तर ‘रनअवेज’ मालिकेत (२०१९) एलिझाबेथ हर्लीने ही भूमिका केली.

कथांबाहेर तिचे नाव इटलीत टिकले आहे. सिसिली आणि कॅलाब्रिया यांच्यामधील मेसिनाच्या सामुद्रधुनीवर कधीकधी हवेत तरंगणारे मनोरे आणि तटबंद्या दिसतात. त्या आभासाला ‘फाता मॉर्गाना’ म्हणतात. आपल्या ओळखीच्या मृगजळात तापलेल्या जमिनीलगतची हवा गरम असते. इथे उलट, पाण्यालगत गार हवा आणि तिच्यावर उबदार थर असतो, त्यामुळे किरण खाली वळतात आणि दूरचा किनारा ताणला जाऊन उंच चढलेला दिसतो.