आधी डोळे, मग नाक: हस्कीच्या आजारामागचा इतिहास

बेळगाव भागात, टिळकवाडी, शहापूर, निपाणीकडे हौसेने पाळलेले हस्की कुत्रे आता नवलाचे राहिले नाहीत. त्यातल्या एखाद्याचे डोळे लाल होतात, पाणी गळतं, उजेड सोसत नाही. आपल्याकडे पहिला संशय गोचीड तापावर जातो, आणि तो वावगा नाही. त्यानेही डोळ्यांच्या आत सूज येते. पण पुढे काळंभोर नाक पांढुरकं पडलं, ओठ आणि पापण्यांचा रंग उडाला, तर युव्हिओडर्मॅटोलॉजिक सिंड्रोमची, म्हणजे डोळे आणि त्वचा दोन्ही धरणाऱ्या आजाराची शंका घ्यावी.

हा प्रकार आधी माणसांत दिसला, तोही तुकड्यातुकड्यांनी. डोळ्यांच्या दाहाबरोबर पापण्यांचे केस पांढरे होतात, हे स्वित्झर्लंडचे नेत्रतज्ज्ञ आल्फ्रेड फोग्ट यांनी १९०६ मध्ये नोंदवलं. जपानच्या हाराडांनी १९२६ मध्ये दृष्टिपटल (डोळ्यामागचा पडदा) सुटलेले रुग्ण मांडले, कोयानागींनी १९२९ मध्ये आणखी. हे सगळं एकच दुखणं आहे हे पटायला वेळ लागला. आज तिघांची नावं एकत्र घेतात.

कुत्र्यांतली पहिली नोंदही जपानचीच: १९७७, अकिटा जातीची कुत्री. दुसऱ्या महायुद्धानंतर ही जात उरल्यासुरल्या कुत्र्यांतून पुन्हा उभी केली होती. रक्तातल्या वारशाचा हात असावा असं मानायला जागा आहे, कारण अमेरिकेतल्या अकिटांत प्रतिकारशक्तीच्या एका जनुकाशी या आजाराचा संबंध आढळला. नंतर हस्की, सामोयेड, चाऊ चाऊ यांच्यातही तो दिसला. रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींवर शरीर स्वतःच तुटून पडतं. त्या पेशी डोळ्यांतही असतात आणि नाकावरही. त्या पेशींतलं टीआरपी-१ हे प्रथिन टोचून संशोधकांनी अकिटांमध्ये तसाच आजार घडवून दाखवला, तेव्हा या तर्काला बळ मिळालं.

डोळे बहुधा आधी किंवा त्वचेबरोबरच बिघडतात. आपल्याकडे मात्र डोळ्याचे थेंब एका डॉक्टरांकडून, नाकाचं मलम दुसऱ्यांकडून, असा प्रवास चालतो आणि तेवढ्यात काचबिंदू किंवा अंधत्व येऊन ठेपतं. उपचार प्रेडनिसोलोन, ॲझाथायोप्रिन या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांनी आणि डोळ्यांच्या थेंबांनी होतो, बहुतेकदा आयुष्यभर. नाकाला काळेपणा परतला तरी डोळा आतून धुमसत असू शकतो, म्हणून डोळ्याचा दाब आणि आतला भाग तपासत राहावं लागतं. घरातली माणसं 'हे कोड आम्हाला लागेल का' असं विचारतात. लागत नाही.