वॅक्स टार्टसाठी मेणाची निवड (नागपूर)

वॅक्स टार्ट म्हणजे वात नसलेली सुगंधी मेणवडी. ती पेटवत नाहीत. टी-लाइटवर (छोट्या चपट्या मेणबत्तीवर) किंवा विजेवर चालणाऱ्या वॉर्मरच्या वाटीत ठेवली की वडी वितळते आणि मेणात मिसळलेले सुगंधी तेल हळूहळू हवेत उडून जाते. मेण वाटीतच राहते. बाजारात वॅक्स मेल्ट या नावानेही या वड्या मिळतात. वातीची जाडी, ज्योतीची उंची, काजळी यांची कटकट नसल्यामुळे घरी मेणबत्तीपेक्षा टार्ट करणे सोपे जाते. खरा कस लागतो तो मेण निवडताना, आणि नागपुरात तो जरा जास्तच लागतो.

याचे कारण इथला उन्हाळा. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५° से.च्या आसपास जातो, नवतपात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) कधी त्याच्याही वर. हा आकडा सावलीतल्या हवेचा असतो. पत्र्याच्या छताखालची खोली, उन्हात उभी केलेली बंद गाडी, कुरिअरच्या दुचाकीवरचा डबा इथे तापमान त्याहून बरेच चढते. थंड देशातली कृती वाचून मागवलेले मऊ मेण इथल्या कपाटात नुसते ठेवले तरी आकार सोडते, वड्या एकमेकींना चिकटतात आणि वर तेलाचे थेंब जमतात. म्हणून इथे मेण निवडताना सुगंध किती पसरेल हा प्रश्न दुसरा; पहिला प्रश्न त्याच्या वितळणबिंदूचा.

वितळणबिंदूच्या दोन मर्यादा : मेण बर्फासारखे एका अंशावर वितळत नाही. वितळणबिंदूच्या बरेच अंश आधीपासून ते मऊ पडत जाते. त्यात ८-१० टक्के सुगंधी तेल घातले की आणखी नरम होते. त्यामुळे ४५° च्या हवेसाठी ५०° ला वितळणारे मेण पुरत नाही. दुसरीकडे वॉर्मरचीही मर्यादा असते. विजेच्या साध्या वॉर्मरची वाटी साधारण ६० ते ७०° से.पर्यंतच तापते, टी-लाइटची वाटी त्याहून जास्त. फार कडक मेण घेतले तर वडी कडेने जेमतेम ओली होते आणि वास खोलीभर पोचत नाही. या दोन्हींच्या मधली, म्हणजे ५६ ते ६०° से.ची पट्टी नागपूरसाठी योग्य. डबा घेताना ‘कंटेनर वॅक्स’ आणि ‘पिलर वॅक्स’ हा भेद आवर्जून पाहावा. पहिले काचेच्या भांड्यात ओतून तिथेच ठेवायचे मऊ मेण असते, दुसरे साच्यातून सुटून स्वतःच्या बळावर उभे राहणारे. टार्टला दुसरे हवे. ऑनलाइन दुकानांत नुसते ‘सोय वॅक्स’ (सोयाबीनचे मेण) असे लिहून जे विकतात ते बहुतेकदा पहिल्या प्रकारचे असते, आणि नव्याने सुरुवात करणारे इथेच फसतात.

पॅराफिन मेण : हे खनिज तेलापासून मिळते. जर्मन रसायनज्ञ कार्ल फॉन रायखेनबाख यांनी १८३० मध्ये ते प्रथम वेगळे केले. भारतात आसाममधील डिग्बोई येथील, १९०१ साली सुरू झालेला तेलशुद्धीकरण कारखाना हा या मेणाचा जुना स्रोत आहे. बाजारात त्याच्या पांढऱ्या लाद्या मिळतात आणि त्या ५८-६०, ६०-६२ अशा वितळण्याच्या पट्ट्यांनी ओळखल्या जातात. दुकानदाराला हा आकडा आणि ‘फुल रिफाइंड की सेमी रिफाइंड’ हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय लादी घेऊ नये. सेमी रिफाइंड मेणात तेलाचा अंश जास्त असतो. ते स्वस्त पडते, पण उन्हाळ्यात घाम सोडते आणि स्वतःचा रॉकेलसारखा मंद वास सुगंधात मिसळते. फुल रिफाइंड ५८-६० चे मेण टार्टसाठी उत्तम. सुगंध ते मोकळेपणाने सोडते आणि एक-दोन दिवसांत वडी वापरायला तयार होते. नुसते पॅराफिन थोडे ठिसूळ असते, तेलही ते फार धरत नाही. शेकडा ५ ते १० भाग स्टिअरिक आम्ल (तेल-चरबीपासून मिळणारे मेणासारखे घट्ट द्रव्य) मिसळल्यास वडी घट्ट, अपारदर्शक होते आणि साच्यातून सहज सुटते. पेट्रोलियमचा पदार्थ म्हणून पॅराफिनला नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. पुनर्निर्मित न होणारे साधन हा आक्षेप रास्तच. पण इथल्या हवेत टिकण्याच्या बाबतीत याच्याइतके भरवशाचे आणि परवडणारे मेण दुसरे नाही.

सोयाबीनचे मेण : सोयाबीनच्या तेलात हायड्रोजन जोडून ते घट्ट केले की हे मेण होते. वनस्पती तूपही याच क्रियेने बनते. मेणासाठी ती पुढे नेली जाते. अमेरिकेत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला हे मेण मेणबत्त्यांसाठी पुढे आले. विदर्भात पावसाळ्यात शिवारेच्या शिवारे सोयाबीनने भरलेली असतात, त्यामुळे या मेणाविषयी इथे आपुलकी वाटणे साहजिक आहे. तरी शेंग आपल्या शेतातली म्हणून मेण आपल्या हवेला मानवेल असे नसते. भांड्यात ओतायचे सोय मेण ४६ ते ५२° से.ला वितळते, म्हणजे नागपूरच्या मेमध्ये ते लोण्याइतके मऊ असते. टार्टसाठी ५५° च्या वर वितळणारे सोय पिलर मिश्रणच घ्यावे, किंवा साध्या सोय मेणात शेकडा १० ते २० भाग मधमाशीचे मेण वा थोडे स्टिअरिक आम्ल घालून पाहावे. सोय मेणाच्या वडीवर अनेकदा पांढरी, भुकटीसारखी नक्षी उठते. तो बुरशीचा प्रकार नव्हे. मेणातली स्निग्ध द्रव्ये पुन्हा स्फटिकरूप होत असल्याची ती खूण. डिसेंबर-जानेवारीत दुपार आणि पहाट यांच्या तापमानात मोठी तफावत पडते तेव्हा ही नक्षी जास्त दिसते. वासात त्याने फरक पडत नाही. सोय मेणाला मुरायला वेळ लागतो. ओतल्यावर एक-दोन आठवडे झाकून ठेवल्यास सुगंध चांगला खुलतो.

मधमाशीचे मेण : वितळणबिंदू ६२ ते ६५° से. मेळघाट आणि गडचिरोलीच्या जंगलांतून आग्या मोहोळाचा मध येतो तसे मेणही निघते. त्याला स्वतःचा मधासारखा वास असतो आणि दुसरा सुगंध ते दाबून टाकते. एकटे वापरले तर छोट्या वॉर्मरवर नीट वितळतही नाही. पूरक म्हणून मात्र फार गुणी. यात पॅराफिनची भेसळ सर्रास होते, हे लक्षात ठेवून ओळखीच्या ठिकाणाहूनच घ्यावे.

नारळाचे मेण साधारण ३७ ते ४३° से.ला वितळते. सुगंध फार सुरेख पसरवते, पण नागपुरात टार्टसाठी ते निरुपयोगी आहे. पाम मेण उन्हाला टिकते आणि त्यावर सुंदर स्फटिकी नक्षी उमटते. पाम लागवडीसाठी होणाऱ्या जंगलतोडीमुळे अनेक जण ते टाळतात. दिवाळीनंतर उरलेल्या मेणबत्त्या वितळवून केलेल्या टार्टचा वितळणबिंदू सांगता येत नाही, त्यामुळे हात बसवण्यापुरत्या त्या ठीक.

सुगंधाशी मेळ : प्रमाण वजनावर धरावे, चमच्यावर नाही. १०० ग्रॅम मेणाला ६ ते १० ग्रॅम सुगंधी तेल पुरते. जास्त घातले तर वास वाढत नाही, वडी गळते. गुलाबपाणी किंवा पाण्यात केलेला कोणताही अर्क मेणात मिसळत नाही.

नागपुरात करणाऱ्याला संत्र्याचा मोह होतोच. संत्र्याच्या सालीतले तेल मुख्यतः लिमोनीन असते आणि ते फार लवकर उडते. कडकडीत मेणात ओतले तर वाफेबरोबर निम्मा वास स्वयंपाकघरातच संपतो, आणि करणाऱ्याला मात्र वाटते की वडी फारच सुगंधी झाली. मेण पूर्ण वितळवून ६०-६५° से.पर्यंत उतरू द्यावे, मग तेल घालून दोन मिनिटे संथ ढवळावे आणि लगेच ओतावे. लिमोनीन पॉलिस्टायरीन प्लॅस्टिक विरघळवते, म्हणून साचा सिलिकॉनचा घ्यावा. वाळलेल्या सालीचे तुकडे घातल्याने वडी देखणी दिसते, सुगंध वाढत नाही. संत्र्याला धरून ठेवायला जोडीला एखादे जड तेल लागते, आणि त्यासाठी वाळ्याइतके चांगले दुसरे नाही. वाळ्याचे तेल दाट, सावकाश उडणारे. पॅराफिनमध्येही आणि सोयमध्येही ते टिकते. ज्यांनी कूलरला वाळ्याच्या ताट्या लावलेल्या घरात उन्हाळे काढले आहेत, त्यांना या वासाची ओळख करून द्यावी लागत नाही.

परीक्षा : मोठा घाणा काढण्यापूर्वी दोन वड्या करून पाहाव्यात. एक वडी पाणी न शिरणाऱ्या पिशवीत घालून ४५° से.च्या कोमट पाण्यात तासभर ठेवावी. पाणी निवू लागले की थोडे गरम पाणी घालत राहावे. मग बाहेर काढून अंगठ्याने दाबावी. नुसता ठसा उमटला तर चालेल. कडा पसरल्या किंवा पिशवी आतून तेलकट झाली तर मेण बदलावे किंवा तेल कमी करावे. दुसरी वडी ज्या वॉर्मरवर वापरायची त्यावरच ठेवून पूर्ण वितळते का ते पाहावे. दिव्याच्या उष्णतेवर चालणाऱ्या विजेच्या वॉर्मरमध्ये एलईडी दिवा लावून उपयोग नाही, त्याची उष्णता पुरत नाही. वॉर्मर कूलरच्या थेट झोतात ठेवल्यास वाटी थंड पडते आणि चांगल्या मेणावर उगाच दोष येतो.

काळजी : मेण थेट आचेवर कधीही वितळवू नये, पातेल्यात पाणी उकळून त्यात दुसरे भांडे ठेवावे आणि जवळून हलू नये. मेणाने पेट घेतला तर पाणी ओतायचे नाही, गॅस बंद करून झाकण घालायचे. चौकोनी साच्यात केशरी रंगाची वडी केली तर ती हुबेहूब संत्रा बर्फीसारखी दिसते. लहान मुले असलेल्या घरी वेगळा आकार घ्यावा आणि डब्यावर ‘खाण्यासाठी नाही’ असे ठळक लिहावे. वास संपलेले मेण मोरीत ओतल्यास नळी तुंबते. ते वितळलेले असतानाच कापसाच्या बोळ्याने टिपून सुक्या कचऱ्यात टाकावे. तयार वड्या मार्च ते जून या काळात माळ्यावर न ठेवता घरातल्या सर्वांत थंड खोलीत, जमिनीलगतच्या कप्प्यात, प्रत्येक वडी वेगळ्या खणात राहील अशा डब्यात ठेवाव्यात.